ओरडणाऱ्यांच्या घरातली मनू

आमच्या घरात हळू कसं बोलतात हे कुणालाच माहीत नव्हतं. मखमलाबादच्या अलीकडे, कालव्याच्या अंगाला आमचा मळा होता. झेंडू, शेवंती, मधल्या पट्ट्यात मेथी-कोथिंबीर. घर एका टोकाला, विहीर पार दुसऱ्या टोकाला आणि विहिरीवर डिझेलचं इंजिन. ते इंजिन आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांच्या वडिलांनी, कुठूनसं जुनं विकत आणलं होतं. ते सुरू झालं की चिंचेवरचे कावळे आधी एकमेकांचा निरोप घ्यायचे आणि मगच उडायचे. ते चालू असताना बोलायचं तर ओरडावंच लागे, आणि ते बंद झालं तरी आमचं ओरडणं बंद होत नसे. आबा शिंकले की पंचवटीतली कबुतरं उडत. आईनं आम्हांला जेवायला हाक मारली की शेजारच्या मळ्यांतली माणसं हातपाय धुऊन आपापल्या ताटांवर जाऊन बसत. अण्णा, माझे वडील, फुलबाजारात झेंडूचा भाव पुकारायला लागले की त्र्यंबकेश्वरला निघालेले लोक जीप थांबवून विचारत, कुठं आग लागली? मी वाढवून सांगतोय असं माझी बायको म्हणते. म्हणू दे. तिनं आमचे आबा ऐकले नाहीत.

आवाजाच्या खालोखाल आमच्याकडे मान होता तो थापेचा. रात्री जेवताना सगळे एका पंगतीत बसायचो. चुलीवर पिठलं, बाजरीची भाकरी, कांद्याची पात, आणि आईच्या हातचा तो ठेचा, ज्याच्या नुसत्या वासानं आमचा कुत्रा शिंकत अंगणाबाहेर जायचा. जेवण सुरू झालं की आबा म्हणायचे, "हं, कोणाकडं काय हाय आज?" मग ज्यानं त्यानं दिवसातलं काहीतरी सांगायचं. जसं घडलं तसं सांगितलं तर आबा मान खाली घालून जेवत राहत. रंगवून सांगितलं तर त्यांचा हात थांबे, भुवया वर जात, आणि ज्याची थाप सगळ्यांत उंच गेली त्याला पिठल्याच्या पातेल्याची खरवड मिळे. आई उलथन्यानं ती करपलेली, खमंग, पापडासारखी खरवड सोडवायची आणि आबा स्वतःच्या हातानं जिंकलेल्याच्या ताटात टाकायचे. मी चार-पाच वर्षांचा असताना एकदा सांगितलं की पाटात एक मासा आला आणि त्यानं माझ्याकडं पाणी मागितलं. घर कोसळेल इतकं हसलं. मला खरवड मिळाली. त्या दिवशी मी काय शिकलो हे कुठल्याही बालमानसशास्त्रवाल्याला विचारा, तो सांगेल. मी सांगतो ते असं: खरं बोलणाऱ्याला भाकरी मिळते, खरवड मिळत नाही.

मला पाठीवरची एक बहीण होती, मनीषा. आम्ही तिला मनू म्हणायचो, आबा मनी. माझ्याहून बरीच लहान. गोल चेहऱ्याची आणि मोठ्या डोळ्यांची. बोलायला उशिरा लागली, पण आमच्याकडे बोलणारे इतके होते की एक उशिरा लागलं तर कुणाला पत्ता? बोलायला लागली तेव्हा तिचा 'स' दातांतून कुठंतरी निसटायचा आणि त्याच्या जागी 'त' यायचा. मला ती 'तुनीदादा' म्हणायची. आख्ख्या घराला ते इतकं गोड वाटलं की आबासुद्धा मला "ए तुनी" म्हणून हाका मारू लागले. आई तिच्याशी तिच्याच भाषेत बोलायची. ती मोठी झाली तरी तिचा 'स' परत आला नाही, आणि कुणी तो शोधलाही नाही. लाडाचं होतं ते सगळं. आमच्या घरात कुणी कुणाचं वाईट करत नव्हतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की आम्ही राक्षस होतो.

मनूची माझ्यावर भक्ती होती. असं मी समजत होतो. मी काही सांगायला लागलो की ती हातातलं काम टाकून समोर येऊन बसे आणि माझ्या तोंडाकडे असं बघे, की जणू माझ्या तोंडातून शब्द नाही, जिलब्या पडताहेत. इतर लोक थाप ऐकताना इकडेतिकडे बघतात, भाकरी मोडतात, मधेच म्हैस हाकतात. मनू नाही. तिची नजर माझ्या ओठांवरून हलायची नाही. मी वर्गात सांगायचो, "माझी बहीण माझं बोलणं ऐकताना पापणी मिटत नाही." ही एकच गोष्ट मी तेव्हा न वाढवता सांगत होतो. मला इतका अभिमान वाटायचा तिच्या त्या बघण्याचा! बोलणाऱ्याला असा श्रोता मिळाला तर तो आयुष्यभर बोलत सुटतो. मी सुटलोच.

माझ्या मुलीला आता मुलगा झाला. जन्मला त्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली एक पोरगी छोटंसं यंत्र घेऊन आली आणि झोपलेल्या बाळाच्या कानात त्याचं रबरी बोंड घातलं. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "काका, ऐकू येतंय का बघतो. आता सगळ्यांचं करतात." पोरगी हसत बोलत होती, बाळ झोपलेलंच होतं, यंत्रावर दिवा लागला आणि झालं. मी चहा आणायला म्हणून बाहेर गेलो आणि चहा न आणताच बराच वेळ जिन्यात उभा राहिलो.

मनू शाळेत जायला लागली आणि तिथून तक्रारी यायला लागल्या. शाळा आमच्या मळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. वर्गात मुलं अशी भरलेली की श्वास सोडायचा तर पाळी लावावी लागे. मनू उंच, म्हणून मागच्या बाकावर. बाई चांगल्या होत्या, मलाही त्यांनीच शिकवलं होतं, पण त्या फळ्यावर लिहिता लिहिता बोलत, म्हणजे वर्गाकडे पाठ. तिसरीत सहामाहीच्या आधी त्यांनी आईला बोलावलं. आई मला बरोबर घेऊन गेली, कारण मी त्याच शाळेतून हुशार म्हणून बाहेर पडलो होतो आणि आईला वाटलं, माझ्या पुण्याईवर मनूचं काही भागेल.

"मुलगी वाईट नाही हो," बाई म्हणाल्या. "पण काही विचारलं तर नुसती बघत बसते. 'वही काढा' म्हटलं की शेजारणीनं काढल्यावर काढते. शुद्धलेखनात मी सांगते एक, ती लिहिते भलतंच. घरी बोलते का?"

"घरी?" आई म्हणाली. आईचं हे साधं बोलणं ऐकून शेजारच्या वर्गाचे पाढे बंद पडले. "घरी तर पोपट आहे! एका हाकेत पळत येते. आबांचं, ह्यांचं, सगळ्यांचं ऐकते."

बाईंनी कानावरचे केस नीट केले. "म्हणजे घरी ऐकते आणि शाळेत ऐकत नाही. मग हा हट्टीपणा आहे, नाहीतर मग... राग मानू नका. सगळ्या मुलांना अभ्यास झेपतोच असं नाही."

परत येताना आई एक शब्द बोलली नाही. आमच्या आईच्या बाबतीत ही घटना वर्तमानपत्रात छापायच्या लायकीची होती. मनू तिचं बोट धरून, मधून मधून वर तिच्या तोंडाकडे बघत चालत होती, आणि आईचं तोंड मिटलेलं.

त्या आठवड्यात घरात ठरलं. ठरवायला कुणी बसलं नाही. अशा गोष्टी आमच्याकडे भांडी घासता घासता ठरायच्या. अण्णा म्हणाले, "दिवाळीपर्यंत जाऊ द्या. नंतर नाही जमलं तर काढू. हार ओवण्यात तिचा हात धरणारा मळ्यात कोणी नाही." ते खरं होतं. मनू झेंडूचा हार अशी ओवायची की फुलं आपण होऊन सुईपाशी येतात असं वाटावं. आबा म्हणाले, "पोरीच्या जातीला काय, लिवता-वाचता आलं तेवढं लय झालं." लिहिता-वाचता तिला अजून धड येत नव्हतं, हे कुणी म्हणालं नाही. मीही नाही. मनूला मात्र शाळा आवडायची. कुणी रागावलं, हसलं, तरी सकाळी सगळ्यांच्या आधी दप्तर घेऊन अंगणात उभी. दिवाळीनंतर शाळा नाही हे तिला आईनं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी जात्त अभ्यात करीन." जास्त अभ्यास करीन. आम्हांला त्यातही गंमत वाटली.

मग दसरा आला. झेंडूवाल्याच्या घरात दसरा म्हणजे वर्षाची लढाई. पहाटेपासून तोडणी, पोती, टेम्पो, आणि दोन दिवस बाजारात उभं राहून ओरडणं. त्या वर्षी अण्णांनी मला पहिल्यांदा एकट्याला एका कोपऱ्यावर उभं केलं. मी असा ओरडलो, असा ओरडलो, की समोरच्या दुकानातल्या सोनारानं माझी फुलं घेतली ती केवळ मी गप्प बसावं म्हणून. दसरा संपला आणि माझा आवाज गेला. बसला नाही, गेला. तोंड उघडलं की आतून नुसती हवा येई. आईनं ज्येष्ठमध दिलं, आबांनी हळद-दूध दिलं, आमच्यातच राहणाऱ्या काकूनं काही मंतरलेलं पाणी दिलं. आवाज म्हणून काही येईना. घरात मी हातवारे करत फिरायचो आणि लोक खूश होते.

एका दुपारी मी विहिरीवर गेलो. इंजिन चालू होतं, धाडधाड, जमीन थरथरत होती. मनू इंजिनाच्या खोपीपाशी गोणपाटावर बसून उरलेल्या झेंडूचे हार ओवत होती. मी तिच्यासमोर बसलो. तिनं लगेच हात थांबवले आणि माझ्याकडे बघायला लागली. श्रोता तयार म्हटल्यावर मला राहवेना. मी तिला बाजारातली गोष्ट सांगायला लागलो. एका गिऱ्हाइकानं झेंडू घेतला, तो खरा झेंडू नव्हताच, फुलपाखरं होती, आणि घरी जाऊन दाराला तोरण बांधल्यावर दारासकट घर उडालं. मी नुसते ओठ हलवत होतो. आवाज नव्हताच. आणि इंजिन असं चालू होतं की माझा आवाज असता तरी मलाच तो ऐकू आला नसता. दारासकट घर उडालं म्हटल्याबरोबर मनू खळखळून हसली.

मी गोष्ट पुढे रेटली. ती बरोबर जागी घाबरली, बरोबर जागी हसली. आणि मग कुठंतरी माझ्या डोक्यात आलं, की ही हसतेय कशाला? हिला काय ऐकू येतंय? मी थांबलो. तिनं विचारलं, "मग?" मी मान बाजूला वळवली, इंजिनाकडे, आणि पुढचं वाक्य बोललो. काही नाही. परत तोंड समोर केलं. "दादा, मग काय झालं?" मी हातातलं मोठं झेंडूचं फूल तोंडापुढे धरलं आणि बोललो. मनूनं हात पुढे करून फूल बाजूला केलं. "तोंड दाखव ना," ती म्हणाली. जशी एखादी सिनेमाला पुढे बसलेल्या माणसाला म्हणेल, जरा डोकं खाली घ्या.

आयुष्यात मी खूप काही मोठं बघितलं, सांगितलं त्याच्या दसपट. पण त्या दुपारी जे बघितलं त्यापेक्षा मोठं काही नाही. मी इंजिन बंद केलं. अचानक सगळं शांत झालं. मी मनूच्या मागे गेलो आणि ओंजळीत हवा धरून टाळी वाजवली. ती ओवत राहिली. आणखी जवळ जाऊन वाजवली. तिनं सुईत पुढचं फूल घातलं. अगदी कानापाशी वाजवली तेव्हा दचकून वळली आणि हसली. इतकी वर्षं ती माझी भक्त म्हणून माझ्याकडे बघत नव्हती. तिला दुसरा इलाज नव्हता. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते हे नव्हतं, की बिचारीला ऐकू येत नाही. पहिल्यांदा आलं ते हे, की म्हणजे तिला माझ्या गोष्टी विशेष आवडत नव्हत्या की काय? मला ते वाईट वाटलं. दया नंतर आली.

संध्याकाळी मी जेवायची वाट बघत होतो. पंगत बसली. आईनं मनूला आत कांदा आणायला पाठवलं. आबांनी विचारलं, "काय रं मुक्या, तुझ्याकडं काय हाय आज?" मी सगळ्यांना खुणेनं जवळ बोलावलं. आबा, अण्णा, आई, काकू, सगळ्यांची डोकी माझ्या तोंडाजवळ आली, आणि मी घशातून होती नव्हती तेवढी हवा लावून सांगितलं, "मनूला ऐकू येत नाही. ती तोंडं बघून ओळखते."

आबांचा हात थांबला. भुवया वर गेल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"लय भारी!" आबा म्हणाले. "आरं, ही तर माशाच्या वर गेली!" त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि हाक मारली, "मनेऽऽऽ!" वळचणीच्या चिमण्या उठल्या. आतून आवाज आला, "आले आबा!"

घर कोसळलं. अण्णांना ठसका लागला. काकू पदर तोंडाशी धरून लोळायची बाकी राहिली. मी हात हलवत होतो, नाही, नाही म्हणत होतो, म्हणजे ओठ नाही नाही करत होते. "अस्सं नाही," मी अण्णांच्या कानात सांगितलं, "मागून हळू बोलून बघा." मनू कांदा घेऊन आली, आईच्या ताटाशी वाकली. आबा उत्साहानं उठले, तिच्या मागे जाऊन उभे राहिले आणि आमच्या घराण्यातली पहिली कुजबूज केली. त्या कुजबुजीनं कंदिलाची काच वाजली. मनू वळली. "काय आबा?"

आता कुणाला श्वास घेता येईना. मनूनं सगळ्यांकडे पाहिलं, एकेक चेहरा नीट पाहिला आणि मग तीही हसायला लागली. सगळ्यांच्या मागून, जरा जास्तच मोठ्यानं. तिला काय माहीत आपण कशाला हसतोय? आबांनी खरवड माझ्या ताटात टाकली. मी ती खाल्ली. गरम होती, कुरकुरीत होती, आणि चांगली लागली. वाईट लागली असं लिहिलं असतं तर या प्रकरणात मी जरा बरा माणूस दिसलो असतो.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी परत सांगायचं. सांगितलं ना! पण कसं? मला एकच रीत येत होती. साधं सांगितलेलं आमच्या घरात पंगतीच्या पलीकडे जात नाही, ते सजवून सांगायला हवं, हे मी माशापासून शिकलो होतो. दिवाळी जवळ आली होती, आवाज थोडा परत आला होता. मी आईला चुलीपाशी गाठलं आणि सांगितलं, की शाळेत मुंबईचे मोठे डॉक्टर आले होते, लाल मोटारीतून, त्यांनी मनूच्या कानात नळी घालून बघितलं आणि ते म्हणाले, ही मुलगी मंद नाही, हिचे कान तपासा. आईनं भाकरी थापायची थांबवली. तिच्या तोंडावर असं काही आलं जे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ती माझं खरं मानत होती! मी आणखी पुढे गेलो. म्हणालो, डॉक्टरांनी बाईंना झापलं, बाई रडल्या.

आई पिठाच्या हातांनीच उठली आणि अंगणात मनूसमोर जाऊन उभी राहिली. "मने, शाळेत कुणी डॉक्टर आले होते?"

"नाही."

"लाल मोटार?"

"नाही आली."

आई परत आली. मला मारलं नाही. नुसती म्हणाली, "सुन्या, तिच्यावरनं तरी नको रे. तिचं आधीच काय कमी आहे का?" आणि भाकरी उलटली. ती भाकरी करपली होती. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "पुरे." त्यानंतर मी तो विषय काढला नाही. पुन्हा काढला असता तर मार खावा लागला असता, एवढंच. एक मार. मी मोजून मापून गप्प बसलो.

दिवाळीनंतर मनू शाळेत गेली नाही. पहिल्या दिवशी ती दप्तर घेऊन अंगणात उभी होती, आईनं तिच्या हातातून ते काढून घेतलं आणि तिला खोपीपाशी बसवलं. ती रडली नाही. मी माझ्या शाळेत जाताना तिच्याजवळून गेलो तेव्हा ती खाली बघून ओवत होती. माझ्याकडे बघायला मान वर करेल म्हणून मी पाय जरा आपटले. मग आठवलं, आणि तसाच निघून गेलो.

ते तसंच चालत राहिलं असतं. पण पुढच्या उन्हाळ्यात अण्णांनी इंजिन काढलं आणि विहिरीत पाण्याखाली बुडणारी विजेची मोटार बसवली. बटण दाबलं की पाणी, आवाज म्हणून नाही. पहिले काही दिवस आम्ही वेड्यासारखे एकमेकांकडे बघत होतो. सगळ्यांना कान असल्याचा शोध लागला. हळूहळू, कुणी न सांगता, घराचा आवाज उतरत गेला. अण्णा साधं बोलायला लागले. काकू गुणगुणायला लागली. त्याच सुमारास आबांचे उरलेले दात काढले, आणि त्यांचं तोंड पोपटासारखं आत गेलं, शब्द ओठांतल्या ओठांत राहायला लागले. आणि मनू आबांना उत्तर देईनाशी झाली. "मनी मला मोजत नाय आता," आबा म्हणायचे. त्यांना ते फार लागलं होतं. एकदा ते रुसून दिवसभर जेवले नाहीत, आणि मनूला कळेना की आबा का जेवत नाहीत.

एका संध्याकाळी मनू अंगणात वाटाणे सोलत होती. आई दारातून म्हणाली, "मनू, ते राहू दे, पाणी तापलंय." मनू सोलत राहिली. आई पुन्हा तेच म्हणाली, तेवढ्याच आवाजात. मी ओट्यावर बसलो होतो. आई तिसऱ्यांदा काहीच म्हणाली नाही. तशीच दाराला धरून उभी राहिली, मनूच्या पाठीकडे बघत. वेणीवर झेंडूची एक पाकळी अडकली होती. बऱ्याच वेळानं आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुन्या, तू तेव्हा काय म्हणाला होतास रे?"

कानाच्या डॉक्टर एक बाई होत्या, शहरात, दुसऱ्या मजल्यावर. त्यांनी मनूला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर झाकणं लावली, आणि आवाज आला की हात वर कर म्हणून समजावलं. मनूचा हात खालीच होता. कधीतरी एखाद्या वेळी वर जायचा. आई काचेला नाक लावून उभी होती. पुटपुटत होती, "आता कर वर. आता कर."

डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "दोन्ही कानांना बरंच कमी आहे. बहुधा जन्मापासून. मशीन लावलं की शाळा जमेल, मुलगी हुशार आहे, ओठ वाचायला आपली आपण शिकलीय. पण तुम्ही लवकर यायला हवं होतं हो. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"आलं होतं," आई म्हणाली. इतक्या हळू आवाजात आई बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. "ह्याच्या आलं होतं. ह्यानं सांगितलं होतं. आम्ही हसलो."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, कौतुकानं. ते कौतुक मला खरवडीसारखं लागलं असतं, पण मनू स्टुलावर बसून आमच्या तिघांच्या तोंडांकडे बघत होती. तिनं सगळं वाचलं होतं. ती उठून माझ्यापाशी आली.

"दादा, तुला माहीत होतं?"

मी मान हलवली.

"तगळ्यांना तांगितलंत?"

"हो."

"मग मला का नाही तांगितलंत?" तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. "मला वाटायचं, तगळ्यांना अतंच अततं. तगळे तोंडच बघतात. मला एकटीलाच बघून जमत नाही. मला वाटलं, मी ढ आहे."

मला ते सुचलंच नव्हतं. आबांना सांगितलं, अण्णांना, आईला, चुलीपाशी लाल मोटार उभी केली, आणि जिचे कान होते तिला सांगावं हे एकदाही मनात आलं नाही. रोज तिच्यासमोर बसत होतो. तोंड तिच्याकडेच होतं. आवाजाचीसुद्धा गरज नव्हती.

"मला वाटलं तुला माहीत असेल," मी म्हणालो.

"बरं," मनू म्हणाली, आणि मान डोलावली. तिनं ते खरं धरलं. माझी प्रत्येक गोष्ट ती खरीच धरायची, मासा, फुलपाखरं, उडालेलं घर, सगळंच. आख्ख्या घरात माझ्यावर विश्वास ठेवणारं ते एकच माणूस होतं.